सतरा नंबरचा तुकडा

सतरा नंबरचा तुकडा मी फेकूनच देणार होते. भट्टीतून काढला तेव्हा त्याच्यावरचा थर राखाडी, धुरकट दिसत होता. पाटीवरचं लिहिलेलं ओल्या हाताने पुसल्यावर उरतं, तसं काहीतरी. त्याआधीचे माझे सोळा तुकडे असे काळे होते की त्यांच्याकडे बघितलं तर नजर आत जाऊन परतच यायची नाही. त्या काळेपणाचा मला भारी अभिमान होता.

हे तुकडे म्हणजे नखाएवढे सिलिकॉनचे चौकोन. त्यांच्यावर मी कार्बनच्या नळ्या उगवायचे. एकेक नळी केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही बारीक, आणि अशा कोट्यवधी नळ्या एका नखावर उभ्या. यवतमाळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते आणि तिथंच पीएच.डी. करत होते. सकाळी पोरांना लंबकाचा प्रयोग दाखवायचा आणि दुपारी स्वतःच्या भट्टीपाशी बसायचं, असा क्रम.

भट्टी म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. हातभर लांबीची, मधून क्वार्ट्झची नळी गेलेली, लोखंडी पेटीसारखी. नळीत तुकडा ठेवायचा, आर्गॉन वायू सोडायचा, भट्टी आठशे अंशांवर न्यायची आणि एका टोकाने तेलाचा बारीक फवारा मारायचा. तेलात फेरोसीन नावाची केशरी पूड विरघळवलेली असते. त्यातल्या लोखंडाचे कण तुकड्यावर बसतात, आणि तेलातला कार्बन त्या कणांवर नळीच्या रूपाने वर चढतो. तेल कुठलंही चालतं. लोकांनी कापूर वापरला, टर्पेंटाइन वापरलं. आमच्या सरांनी ठरवलं की यवतमाळ जिल्ह्यात बसून आपण सरकीचं तेल वापरायचं, आणि तेही दुकानातलं शुद्ध केलेलं नाही, कच्चं.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. यवतमाळचेच. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीत आणि कोर्टात गेलेल्या, त्यामुळे सरकी कपाशीच्या बोंडात असते एवढंच त्यांना पक्कं ठाऊक. कच्चं तेल कुठं मिळतं म्हणून त्यांनी मला विचारलं, जणू मी खिशात घेऊनच फिरते. पण मिळायचं खरं. आमचा बंजाऱ्यांचा तांडा ढाणकीजवळ. आई म्हशीसाठी ढेप आणायला जायची त्या गिरणीत सरकी दाबून तेल काढत. ढेप म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, म्हशींचा खुराक. गिरणीवाल्याच्या लेखी ढेप महत्त्वाची, कच्चं तेल नंतरचं. आई ढेपेबरोबर एक बाटली तेल घ्यायची आणि उमरखेडहून यवतमाळला येणाऱ्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायची. मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचे. माझ्या संशोधनाचा कच्चा माल असा एसटीच्या भरवशावर चालला होता.

आता इतक्या नळ्या उगवून करायचं काय? तर त्यांच्यातून इलेक्ट्रॉन काढायचे. धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडावा म्हणून एरवी तो धातू तापवावा लागतो. जुन्या टीव्हीच्या काचेच्या डब्यात मागच्या बाजूला तार तापायची ती त्यासाठीच. पण अतिशय टोकदार वस्तूसमोर विजेचा पुरेसा दाब दिला, तर न तापवताच इलेक्ट्रॉन टोकातून निसटून बाहेर येतात. कार्बनची नळी तर टोकदारपणात कुणाला हार जाणारी नव्हे. हवा काढून टाकलेल्या पात्रात तुकडा ठेवायचा, त्याच्यासमोर कागदाच्या जाडीइतकं अंतर सोडून चमकणारा लेप दिलेली काच ठेवायची, आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत जायचं. इलेक्ट्रॉन निघाले की काचेवर हिरवे ठिपके उमटतात आणि मीटरचा आकडा हलतो. जितक्या कमी व्होल्टेजला हलेल तितका तुकडा गुणी.

माझे सोळा तुकडे गुणी नव्हते. काळेभोर, देखणे, आणि मख्ख. व्होल्टेज वाढवत वाढवत नेलं तरी ढिम्म. आणि शेवटी हलायचे तेव्हा कुठंतरी ठिणगी पडून सगळं बंद. चार वर्षं झाली होती. सर दोन वर्षांनी निवृत्त होणार होते आणि ते गेले की ही खोली, ती भट्टी, तो निर्वात पंप हे सगळं गोदामात जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या हातात चांगला एक आलेख आला नाही तर डिग्री नाही. डिग्री नाही तर आयुष्यभर तासिका तत्त्व. बोलायचं कुणीच नाही, पण दोघांच्या डोक्यात तेच.

म्हणून थंडीतल्या त्या दिवशी तो धुरकट तुकडा बघून माझं डोकं फिरलं. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी तो चिमट्याने उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले तर सर म्हणाले, "अहो बाई, न मोजता कचरा कसा काय ठरवला तुम्ही?"

सर मला अहो-जाहो करतात तेव्हा ते चिडलेले असतात. मी गुपचूप तुकडा पात्रात बसवला. पंप सुरू केला. मधे दोनदा लाइन गेली, दोनदा हवा पुन्हा काढावी लागली. दुपार कलता कलता मी व्होल्टेजचं बटन फिरवायला सुरुवात केली. सवयीने मीटरकडे बघतही नव्हते. एरवी जिथं काहीच व्हायचं नाही त्याच्या निम्म्यावरही पोचले नव्हते, तोच सर म्हणाले, "थांब. थांब, थांब. खिडकीचा पडदा ओढ."

काचेवर हिरवे ठिपके होते. आधी चार, मग दहा, मग मोजता येईनात इतके. मी व्होल्टेज खाली आणलं, ते विझले. वर नेलं, पुन्हा उगवले.  सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि तो डोळ्यांवर न लावता हातातच धरून बसले. मला तर ओरडावंसं वाटत होतं, आणि मी ओरडलेही.

आठवड्याभरात आम्ही लेख लिहिला. कच्च्या सरकीच्या तेलापासून वाढवलेल्या नळ्या आणि त्यांच्यातून कमी व्होल्टेजला निघणारे इलेक्ट्रॉन. लेख नियतकालिकाकडे गेला आणि मी पुढचे तुकडे करायला घेतले. अठरा, एकोणीस, वीस. सगळे काळेभोर. सगळे मख्ख.

मी तेल बदललं, पूड बदलली, भट्टीतली नळी घासून घासून लख्ख केली. पंचवीस नंबर झाला. तीस झाला. मधे संपादकांचं उत्तर आलं. लेख चांगला आहे, पण एका तुकड्यावरून एवढा मोठा दावा मान्य होणार नाही, असेच गुण असलेले आणखी दोन तुकडे दाखवा, मुदत तीन महिने. मागणी अगदी रास्त होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं, जरा जास्तच खवचटपणे.

"वहीत काही राहिलं का लिहायचं?" सरांनी एकदा विचारलं.

मला झोंबलं ते. माझी वही म्हणजे माझा देव्हारा. तापमान, वायूचा वेग, तेलाचं माप, किती मिनिटं, बाहेर पाऊस की ऊन, सगळं तारखेनिशी. मी वही त्यांच्यासमोर आपटली आणि म्हटलं, "बघून घ्या." त्यांनी खरंच पान पान बघितलं आणि शांतपणे परत केली. ते शांत राहिले की मला जास्त राग येतो.

उन्हाळा लागला. मुदतीचा एक महिना उरला. मला वाटलं, असेल तर तेलातच असेल. ते थंडीतलं तेल कुठल्या सरकीचं होतं, गिरणीवाल्याने तेव्हा काही वेगळं केलं का, हे स्वतः जाऊन विचारायचं. मी एसटी पकडून उमरखेडला गेले, तिथून ढाणकी, तिथून तांड्यावर.

आमच्या घरी आम्ही गोरबोलीत बोलतो. आईला मी याडी म्हणते. तिचं बोलणं इथं वऱ्हाडीत देते आहे, कारण बाहेरच्या माणसांशी ती तेच बोलते आणि वाचणाऱ्यालाही तेच कळेल. गिरणीवाल्याकडून काहीच हाती लागलं नाही. त्याला थंडीतली गोष्ट उन्हाळ्यात आठवायचं कारणच नव्हतं. एक बाटली तेल घेऊन मी घरी आले आणि ओट्यावर बसून बाटलीचं बूच घट्ट करत होते. आई म्हशीला पाणी दाखवून आली, पदराला हात पुसले, आणि अगदी सहज म्हणाली, "या खेपेले तूप नाई लागत ना?"

मी म्हटलं, "कायचं तूप?"

"तेलात. त्या खेपेले टाकलतं नाई का म्या."

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली. मग ती जे सांगत गेली ते असं. दिवाळीत मी घरी आले होते तेव्हा म्हणाले होते की भट्टीची तार जळली होती, ती बदलली, आता भट्टी नव्यासारखी झाली. त्याआधी तिला वाटायचं, मी तेल तपासायला नेते, डॉक्टर रक्त तपासायला नेतात तसं. ते तेल आगीत जातं हे तिला तेव्हा कळलं. आणि आमच्यात आगीला नुसतं तेल कुणी देत नाही. सण असो, लग्न असो, नवं घर असो, आधी निखाऱ्यावर तूप आणि गोड घालून भोग लावायचा. पोरीची नवी आग आहे, तिथं भोग कोण लावणार? यवतमाळच्या कॉलेजात तर कुणी लावणार नाही. म्हणून पुढची बाटली पाठवताना तिने त्यातच घरच्या म्हशीचं तूप पातळ करून ओतलं. गूळही टाकणार होती, पण तो विरघळेना.

"एकडाव भोग लागला का झालं," ती म्हणाली. "म्हून मंग नंतर नाई टाकलं."

मला वाटतं, दुसऱ्या कुणाच्या आईने हे सांगितलं असतं तर मी हसले असते. मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढे सरळ तो लेख आला. त्यात मी माझ्या हाताने लिहिलं होतं, कच्चं सरकीचं तेल, त्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही. म्हणजे लेख खोटा. आलेख खोटा. माझी वही खोटी.

"तुले कोनं सांगतलं होतं त्यात हात घालाले?" मी ओरडले. "समजत नाई त कायले मधात पडली व तू? चार वर्सं गेली माही. चार वर्सं!"

आणखीही बोलले. ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. शेजारच्या ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या.  आईने ओट्यावरची बाटली उचलून माझ्या पिशवीत ठेवली, ती कलंडू नये म्हणून बाजूने टॉवेल खोचला आणि आत गेली. मी न जेवता निघाले. ढाणकीच्या रस्त्याला लागल्यावर रडू आलं, पण ते माझ्या आलेखासाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते डोक्याला हात लावतील. ते हसले. खुर्ची मागे ढकलून, पोट धरून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "संपादकांना आज कळवून टाकू की दावा चुकीचा आहे, लेख मागे घेतो. ते झालं की मग तूप टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सतरा नंबरच्या तेलात तूप होतं. मग तूप टाकून बघ ना. तुपानं होत असेल तर तुपाचा लेख लिहू."

लेख मागे घेतल्याचं पत्र मी पाठवलं. त्याच दुपारी यवतमाळातल्या एका डेअरीतून म्हशीचं तूप आणलं, तेलात घातलं आणि भट्टी लावली. एकतीस नंबर. बाहेर काढला तर काळाभोर, देखणा, मख्ख.

मी तिथंच स्टुलावर बसले. एवढा तमाशा केला, आईला नाही नाही ते बोलले, आणि तूपही नाही? मग त्या थंडीच्या दिवशी झालं तरी काय होतं? बत्तीसही तसाच निघाला. मी तेलाच्या फ्लास्ककडे बघत बसले होते. मे महिन्यातलं तेल, पिवळंधम्मक, आरपार दिसणारं. आणि एकदम मला आठवलं की सतरा नंबरचं तेल आरपार दिसत नव्हतं.

ते गढूळ होतं. त्यात पांढुरके गोळे तरंगत होते. सरकीचं कच्चं तेल थंडीत थोडं गढूळ होतंच, म्हणून मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण त्या दिवशी प्रयोग संपल्यावर फवाऱ्याच्या नोझलमध्ये चिकट पांढरं काहीतरी अडकलेलं सापडलं होतं. मी ते टाचणीने काढलं, नोझल धुतलं, फ्लास्कमधलं आणि बाटलीतलं उरलेलं तेल खराब झालं म्हणून मोरीत ओतून टाकलं आणि घरून नवं मागवलं. आणि यातलं एक अक्षरही वहीत लिहिलं नव्हतं. का? तर ती साफसफाई होती, प्रयोग नव्हता. माझ्या त्या देव्हाऱ्यात साफसफाईला जागा नव्हती.

मी सरांना सांगितलं, मान खाली घालून. आईने तूप टाकलं हे मला माहीत नव्हतं, पण नोझल तुंबलं होतं हे तर मला माहीत होतं. सर फक्त म्हणाले, "मग आता थंडी कुठून आणायची?"

थंडी कॉलेजसमोरच्या रसवंतीत होती. रसवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणला, बादलीत फोडला आणि त्यात तुपाच्या तेलाचा फ्लास्क बुडवून ठेवला. हळूहळू तेल गढुळलं. गोळे आले. भट्टी लावली, फवारा सोडला, तो अडखळत, थांबत, अर्धवट आला. तेहतीस नंबरचा तुकडा बाहेर काढला तेव्हा तो राखाडी होता. धुरकट. मी एखादं माणूस बऱ्याच वर्षांनी भेटावं तशी त्याच्याकडे बघत राहिले.

पंप लावला. लाइन गेली नाही. निम्म्या व्होल्टेजला हिरवे ठिपके आले.

म्हणजे करामत तुपाची नव्हती, थिजलेल्या तुपाने नोझल तुंबत होतं आणि तेल कमी जात होतं. पुढचं काम दोन दिवसांचं होतं. तूप नाही, बर्फ नाही, साधं तेल, फक्त फवाऱ्याची चकती फिरवून तेल निम्म्याहून कमी सोडलं. पुन्हा राखाडी तुकडा, पुन्हा ठिपके. असे पाच केले, पाचही गुणी. नागपूरहून त्यांचे सूक्ष्मदर्शकाचे फोटो करून आणले तेव्हा सगळं उघड झालं. माझ्या त्या लाडक्या काळ्या तुकड्यांवर नळ्या इतक्या दाटीने उभ्या होत्या की एकीचं टोक दुसरीच्या आड. विजेचा दाब कुणाच्याच टोकापर्यंत नीट पोचत नव्हता. राखाडी तुकड्यांवर त्या एकमेकींपासून लांब लांब उभ्या होत्या, प्रत्येकीचं टोक मोकळं. ही गोष्ट जगात कुणाला माहीत नव्हती असं नाही. पुस्तकांत आहे, मी वाचलेलीही होती. पण माझ्या हातून ती होत नव्हती, कारण मला काळंभोर आवडत होतं. थर विरळ दिसला की मला ती माझी नापिकी वाटायची.

नवा लेख गेला, या वेळी पाच तुकड्यांनिशी, आणि स्वीकारला गेला. प्रबंध लिहायला घेतला. पद्धतीच्या प्रकरणात मी सतरा नंबरची हकीकत जशी घडली तशी लिहिली. तेलात साधारण एक पळी तूप मिसळलेलं होतं, ते लेखिकेच्या आईने घातलं होतं, लेखिकेला त्याची कल्पना नव्हती, आणि नोझल तुंबल्याची नोंद लेखिकेने केली नव्हती. सरांनी ते वाक्य वाचून विचारलं, "हे असंच ठेवायचं?" मी म्हटलं, "असंच." त्यांनी पान उलटलं.

आईला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. फोनवर म्हटलं, "तेलाचं जमलं." ती म्हणाली, "बरं झालं." त्या उन्हाळ्यापासून तिने भट्टीचं नाव काढलं नव्हतं. त्याआधी, दिवाळीपासून, दर फोनला विचारायची, आज किती तापली, किती उगवलं. आता विचारायची, जेवली का. माफी मागायची राहून गेली असं मी स्वतःला सांगत होते. राहून वगैरे गेली नव्हती, मी टाळत होते. तापट माणसांना ओरडायला वेळ लागत नाही, पण हे जमत नाही.

तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजच्या सभागृहात होती, सरांच्या निवृत्तीच्या दोन महिने आधी. ही परीक्षा सगळ्यांना खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. सरांनीच मला बजावलं होतं, आईंना आण. ती आदल्या दिवशी एसटीने आली. सभागृहात शेवटच्या रांगेत बसली, पिशवी मांडीवर धरून. पुढे विभागातली माणसं, एमएस्सीची पोरं, आणि मधोमध बाहेरून आलेले परीक्षक. पांढऱ्या केसांचे, हसण्याची फारशी सवय नसलेले गृहस्थ. मी चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. नळ्यांची उंची आणि अंतर यांचं प्रमाण, निर्वात किती, आलेखाचा उतार कसा काढला. उत्तरं येत होती. मला जरा हुशारीही वाटू लागली होती.

मग त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि इंग्रजीतच विचारलं की हे घी काय प्रकरण आहे, आणि हे तेलात कुणी घातलं?

तासाभराच्या इंग्रजीत आईला कळेल असा तो एकच शब्द होता. आणि परीक्षकांचा आवाज मुळातच करडा. मी तोंड उघडायच्या आत मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब," आई उभी राहून म्हणाली, "तूप म्या टाकलं. तिले ठाव नोतं. तिनं मले टाकाले सांगतलंच नाई. तिची डिग्री नका थांबवू."

सगळ्या माना मागे वळल्या. पिशवी तिने छातीशी धरली होती आणि तिचा आवाज कापत होता. माझी आई गिरणीवाल्याशी भांडते, बैलाला वेसण घालते, तिचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता. दीड वर्ष तिला वाटत होतं की तिच्या हाताने माझी चार वर्षं गेली. ती परीक्षा बघायला आलीच नव्हती. माझं काही अडलं तर गुन्हा कबूल करायला आली होती.

परीक्षक मराठी निघाले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आई, डिग्री कुणी थांबवत नाही. तुम्ही तूप टाकलं नसतं तर या आज इथं उभ्या नसत्या. त्यांनीच पुस्तकात लिहिलंय तसं."

आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, इतक्या लांबून.

"खरं व?" तिने विचारलं.

"हो याडी. त्याच्यानंच जमलं."

"मंग मले एवढी काहून बोलली होती?"

 परीक्षक अजून उभेच होते.  मी माइक बाजूला केला. "माहं चुकलं, याडी," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, रडतच म्हटलं.

 तिने मान हलवली, पदर सारखा केला, पिशवी पुन्हा मांडीवर घेऊन बसली, आणि परीक्षकांना म्हणाली, "हाव. इचारा आता तिले."